कुरडई फुलते ती कशाने?

परवा घरच्या ग्रुपवर एक रील फिरत होती. कढईत कुरडई पडते, दोन सेकंदांत फुलून पांढरीशुभ्र होते आणि मागून आवाज येतो: ‘बघा, तेल आत शिरतं म्हणूनच ती एवढी फुगते!’ तळणाचे तोटे सांगायचे तर खुशाल सांगा, पण कुरडईवर खोटा आळ नको. फुगायला तेलच लागत असतं, तर भडभुंज्याच्या गरम वाळूत चुरमुरे फुललेच नसते. वाळूत कुठलं आलंय तेल?

कुरडईला फुलवतं ते पाणी. तेच पाणी, जे घालवण्यासाठी आजी आम्हाला जळगावच्या उन्हात धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, राखणीला बसवायची.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी वाळवणं उरकलेली असावीत असा तिचा हट्ट. पाहुण्यांच्या ताटात आमरसाशेजारी कुरडई हवीच. गहू तीन दिवस भिजत पडलेले असायचे. पाणी रोज बदललं तरी तिसऱ्या दिवशी घरभर आंबूस वास. तो वास लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचा. भिजून आणि आंबून दाणा इतका मऊ होतो, की वाटल्यावर आतला स्टार्च सहज सुटतो. मग चोथा गाळून काढायचा आणि पांढरं पाणी रात्रभर निवळत ठेवायचं.

रात्रभरच का, याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. गव्हाच्या स्टार्चचे कण दोन जातींचे असतात: मोठे चपटे, साधारण 20 ते 35 मायक्रोमीटरचे, आणि लहान गोल, 10 मायक्रोमीटरच्या आतले. पाण्यात कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे व्यास दुप्पट तर वेग चौपट. 20 मायक्रोमीटरचा कण 10 सेंटिमीटर खोल जायला पंधराएक मिनिटं घेतो, 5 मायक्रोमीटरचा चारेक तास, आणि 2 मायक्रोमीटरचा एक अख्खा दिवस. म्हणजे सकाळपर्यंत बहुतेक सगळा स्टार्च, आमच्या भाषेत चीक, तळाशी घट्ट बसलेला असतो आणि वरची निवळ ओतून देता येते.

चीक शिजवणं हे आईचं काम. आधणात मीठ, हिंग आणि मग हात न थांबवता घाटणं. साधारण 55 ते 65 अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात, आणि त्यांतले लांबलचक रेणू बाहेर येऊन एकमेकांत गुंततात. दुधासारखं पातळ असलेलं एकाएकी घट्ट, चकचकीत होतं. हात थांबला की गुठळ्या, कारण गोळ्याचा बाहेरचा थर आधी शिजतो आणि आतल्या कच्च्या पिठाला पाणी मिळू देत नाही. पातेल्यातला पहिला वाटीभर चीक आम्हा पोरांचा. कोणी दूध-साखर घेई, कोणी तूप-साखर. मला कच्चं तेल लागायचं.

मग सोऱ्या. बाजेवर धुतलेलं लुगडं अंथरून त्यावर गरम गरम कुरडया घालायच्या. त्या पसरून सपाट का होत नाहीत? स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात. सुमारे पाव भाग अमायलोज, सरळ साखळीसारखा. उरलेला अमायलोपेक्टिन, झाडासारखा फांद्या फुटलेला. चीक निवायला लागला की अमायलोजच्या साखळ्या एकमेकींना धरतात आणि सोऱ्यातून पडलेला आकार तसाच राहतो.

आता माझा आवडता भाग. उन्हात पाणी जातं, पण सगळं जात नाही. कडकडीत वाळलेल्या कुरडईतही दहा-बारा टक्के पाणी उरतंच. मात्र वाटेत पदार्थाची जातच बदलते. ओलसर स्टार्च रबरासारखा असतो, वाकवला तर वाकतो. कोरडा स्टार्च काचेसारखा असतो, वाकवला की मोडतो. रबराची काच कोणत्या तापमानाला होणार, हे आतल्या पाण्यावर ठरतं. पाण्याचे रेणू स्टार्चच्या साखळ्यांमध्ये वंगणाचं काम करतात. पाणी वीसेक टक्के असेल तर हा बदल घरातल्या नेहमीच्या तापमानाच्या आसपास होतो. पाणी घटलं की तो टप्पा बराच वर सरकतो. म्हणजे वाळलेली कुरडई घरात ‘काच’ असते आणि कढईत पुन्हा ‘रबर’ होते. आजी कुरडईचा तुकडा कानाजवळ धरून मोडायची. ‘टक’ आवाज आला तर डब्यात, नाहीतर आणखी एक ऊन. हे तिला चाळीस वर्षांच्या हाताने शिकवलं होतं. ‘आपल्या पूर्वजांना सगळं भौतिकशास्त्र ठाऊक होतं’ असला फॉरवर्ड कृपा करून यावरून बनवू नका.

कढईत तेल 180 अंशांच्या पुढे असतं. काच वितळून रबर होते, आणि नेमक्या त्याच वेळी आतल्या पाण्याची वाफ होऊ लागते. 10 ग्रॅमच्या कुरडईत धरा 1 ग्रॅम पाणी. त्याची वाफ होते जवळजवळ 1,700 मिलिलिटर! बरीचशी बुडबुड्यांतून निसटते, पण निसटता निसटता मऊ भिंती ताणून असंख्य पोकळ्या करते. पाणी गेलं की भिंतींची पुन्हा काच होते आणि फुगलेला आकार जागीच गोठतो. दातांखाली कुरकुरतं ते हेच. तेल थंड असेल तर पाणी हळूहळू निघून जातं, फुगवायला जोर उरत नाही, आणि मग मात्र ती खरंच तेल पीत बसते. उघड्यावर राहून सादळली तर हवेतलं पाणी शोषून काचेचं पुन्हा रबर होतं आणि ती चिवट लागते.

आमच्याकडे वाळवणाच्या दिवशी घरातल्या एखाद्या काकूला लांब बसवलेलं असायचं. पाळीतल्या बाईची सावली पडली तर पापड लाल होतात, कुरडया फुलत नाहीत म्हणे. पापडखार जास्त पडला की पापड तळताना लवकर लाल होतात, एवढं खरं. अल्कधर्मी पिठात तो रंग चढवणारी रासायनिक क्रिया वेगाने होते. पण खाराचा अंदाज चुकला हे कबूल करण्यापेक्षा काकूवर ढकलणं सोपं होतं. कुरडईचं वाटोळं करणारी सावली एकच, वळवाच्या ढगाची.

रबर आणि काच यांच्या मधल्या कुरडईला शास्त्र ‘चामड्यासारखी’ म्हणेल. दुपारी चारच्या सुमाराला ती वरून सुकलेली, आतून चिवट, खारट आणि उन्हाने कोमट असायची. संध्याकाळी आजी वाळवण काढायला वर यायची तेव्हा बाजेच्या कडेची एक ओळ कमी भरायची. आम्ही कावळ्यांचं नाव सांगायचो. ती आमच्या दातांना चिकटलेल्या चिकाकडे बघायची आणि कावळ्यांना मनसोक्त शिव्या द्यायची.