स्कझी

स्कझी : हार्ड डिस्क, टेप ड्राइव्ह, सीडी-रॉम, स्कॅनर ही साधने एकाच केबलवर ओळीने जोडण्याची समांतर बसपद्धती (बस म्हणजे सर्व साधनांनी वाटून घेतलेला तारांचा सामाईक मार्ग). पूर्ण नाव स्मॉल कॉम्प्युटर सिस्टिम इंटरफेस.

जन्मवर्ष कोणते धरायचे ते कशाला जन्म म्हणायचे यावर ठरते. शुगार्ट असोसिएट्स या डिस्क बनवणाऱ्या कंपनीत १९७९ च्या सुमारास ‘सासी’ ही स्कझीची पूर्वपद्धत आकाराला आली; १९८१ मध्ये ती खुली झाली; स्कझी या नावाने अमेरिकी मानक (एक्स३.१३१) निघाले ते १९८६ मध्ये. सासीची कल्पना आयबीएमच्या मोठ्या संगणकांतील चॅनेलवरून (साधनांशी डेटाची देवघेव करणाऱ्या मार्गावरून) घेतली असे सामान्यतः सांगतात आणि ‘विनंती-पोच’ या संकेतांच्या जोडीने बाइट पुढे सरकवण्याची रीत पाहता ते पटते. मात्र बस कोणाला मिळावी याचा निवाडा सासीत नव्हता. म्हणून खऱ्या अर्थाने सामाईक बसचा आरंभ १९८६ च्या मानकापासून धरणे अधिक योग्य.

मूळ रूपात ५० तारांच्या केबलमध्ये ८ डेटा रेषा, १ पॅरिटी (चूक ओळखण्याची) रेषा आणि ९ नियंत्रण रेषा असतात. प्रत्येक साधनाला ० ते ७ पैकी एक क्रमांक (आयडी) असतो. तो बहुधा १, २ व ४ किमतीच्या तीन जंपरांनी (पिनांवर बसवायच्या छोट्या जोडपट्ट्यांनी) ठरवतात, म्हणजे पहिले दोन लावले की ३. होस्ट अडॅप्टर (संगणकाला बसशी जोडणारे कार्ड) सहसा ७ घेतो. बस मोकळी दिसली की इच्छुक साधन ‘बिझी’ रेषा आणि आपल्या क्रमांकाची डेटा रेषा खाली ओढते, २.४ मायक्रोसेकंद थांबते आणि वरचा क्रमांक दिसल्यास माघार घेते. टेप गुंडाळायला लागली की टेप ड्राइव्ह बस सोडून देतो आणि काम झाल्यावर स्वतःहून परत जोडला जातो. मधल्या वेळात डिस्क अडून राहत नाही. पद्धतीचे मोठेपण इथेच आहे.

बिघाड बहुतेक टर्मिनेटरचा (टोकाशी संकेत परावर्तित होऊ न देणाऱ्या रोधसंचाचा) असतो. केबलच्या दोन्ही भौतिक टोकांना, आणि फक्त तिथेच, टर्मिनेटर हवा. साध्या प्रकारात प्रत्येक रेषेला ५ व्होल्टकडे २२० ओहम व जमिनीकडे ३३० ओहम रोध असतो. रेषा मोकळी असताना सुमारे ३ व्होल्टवर राहते. टोक उघडे राहिले तर संकेत परावर्तित होऊन एकाच ‘विनंती’ स्पंदाची दोन मोजली जातात, बाइट सरकतात. मध्येच तिसरा टर्मिनेटर राहिला तर रेषा खाली ओढायला चालक चिपला जास्त प्रवाह लागतो आणि चुका अधूनमधून येतात, त्यामुळे त्या शोधणे कठीण. आत आणि बाहेर दोन्हीकडे साधने असतील तर अडॅप्टर केबलच्या मध्ये येतो. त्याचा टर्मिनेटर काढावा. सारे नीट असूनही बस चालत नसेल तर टर्मिनेटरला वीज पुरवणारा फ्यूज तपासावा. डिस्कला चुकून अडॅप्टरचाच क्रमांक दिला गेला तर ती बहुधा सगळ्या क्रमांकांवर दिसू लागते.

एकेरी संकेतांसाठी (प्रत्येक संकेत एकाच तारेवर, जमिनीच्या तुलनेत मोजलेला) केबलची एकूण लांबी ६ मीटर, सेकंदाला १० मेगाबाइटच्या ‘फास्ट’ वेगाला ३ मीटर. साधनाकडे फुटणारा फाटा १० सेंटिमीटरहून मोठा नसावा. जुन्या उच्च व्होल्टेज विभेदी प्रकारात (संकेत दोन तारांमधील व्होल्टेजच्या फरकाने जातो) २५ मीटर चालतात. त्याची जोडणी दिसायला सारखीच असल्याने तो एकेरी बसवर लावला गेला तर चिप जळू शकते. खोक्यावरील चिन्ह आधी पाहावे.

‘वाइड’ प्रकारात ६८ तारा व १६ क्रमांक. अग्रक्रम ७ ते ० आणि मग १५ ते ८. नंतर सॅस (सीरियल अटॅच्ड स्कझी) या पद्धतीमध्ये आज्ञासंच राहिला, सामाईक केबल गेली.