नाव-जेंडर बदललंय, आता कागदपत्रं कुठून सुरू करायची?

कागदपत्रांच्या मदतीसाठी आमच्याकडे पहिल्यांदा येणारे बहुतेक जण भलीमोठी यादी घेऊनच येतात, बँक, पासपोर्ट, डिग्री, लायसन्स, सिमकार्ड, आणि म्हणतात सगळं एकदम करून टाकू. तसं करू नका. आधी एकच कागद पक्का करा, ज्यावर जुनं आणि नवीन नाव दोन्ही आहेत. कोर्टाची ऑर्डर असेल, गॅझेट असेल, नोंदणी कार्यालयाचा दाखला असेल, तुमच्या देशात जे चालतं ते. आम्ही त्याला ‘जोडकागद’ म्हणतो, कारण जुन्या रेकॉर्डमधली व्यक्ती आणि काउंटरसमोर उभी असलेली व्यक्ती एकच आहे हे तोच सांगतो. त्याच्या चार-पाच सर्टिफाइड कॉपीज काढून ठेवा, ओरिजिनल शक्यतो हातातून सोडू नका.

तो मिळवायला काय लागतं हे देशागणिक फार वेगळं. अर्जेंटिनात २०१२ पासून ऑपरेशन नको की कोर्ट नको. जर्मनीत १ नोव्हेंबर २०२४ पासून नोंदणी कार्यालयात स्वतः जाऊन सांगायचं, फक्त तीन महिने आधी कळवायचं. बऱ्याच ठिकाणी मात्र डॉक्टरचा कागद अजून लागतोच, काही ठिकाणी नाव बदलतं पण जेंडर नाही, म्हणून दुसऱ्या कोणाचा अनुभव वाचून लगेच फी भरू नका, आधी आम्हाला विचारा.

मग फोटोवालं ओळखपत्र, त्यानंतर बँक. स्पेलिंग एकदा ठरलं की ठरलं! एका ठिकाणी एक अक्षर जास्त पडलं तर पुढची सगळी साखळी अडते.

पासपोर्टचं थोडं सविस्तर सांगतो. आंतरराष्ट्रीय नियमात एफ, एम आणि एक्स असे तीन पर्याय आहेत, एक्स म्हणजे ‘नमूद नाही’. पण तुमचा देश एक्स देतो का, आणि जिथे चाललात तिथे त्याने अडचण येते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळायला लागतं, त्यामुळे नवीन पासपोर्ट हातात येईपर्यंत बुकिंग नको. जुन्यात चालू व्हिसा असेल तर आधी दूतावासात विचारून घ्या.

डिग्रीला सगळ्यात जास्त वेळ जातो असं आमचं मत. काही विद्यापीठं नवीन नावाने सर्टिफिकेट देतात, काही नाहीच म्हणतात, मग डिग्रीसोबत जोडकागद लावून काम चालवायचं.

हॉस्पिटलचं रेकॉर्ड लोक विसरतात. काही ठिकाणी कॅन्सर तपासणीचे रिमाइंडर कॉम्प्युटर जेंडर बघून पाठवतो, म्हणजे रेकॉर्डमधली जेंडरची नोंद बदलली की शरीराला लागणाऱ्या तपासणीचं बोलावणं येणं बंद होऊ शकतं. डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

आणि हो, आमच्या फॉर्मवर आम्ही एक जास्तीचा रकाना ठेवलाय, आमच्याकडून येणाऱ्या पाकिटावर कुठलं नाव घालायचं? घरी अजून सांगितलेलं नसेल तर तसं लिहा, किंवा स्वतः येऊन घेऊन जा. फोनवर सर म्हणायचं की मॅडम की नुसतं नाव घ्यायचं, तेही तिथेच लिहून ठेवा.