कांबा लोकांनी जमिनीची वाट लावली? उलटंय

केनियातल्या माचाकोस या डोंगराळ जिल्ह्याबद्दल एक जुनी थाप अजून फिरतेय, की तिथल्या कांबा लोकांनी गुरं वाढवली, पोरं वाढवली आणि डोंगर उघडे पाडले. मुळात हे १९३० च्या दशकातल्या इंग्रज साहेबांचं म्हणणं. पण चांगली जमीन गोऱ्या शेतकऱ्यांना देऊन कांबांना राखीव पट्ट्यात कोंबलं कोणी, ते मात्र कुणी बोलत नाही! १९३८ ला गुरं कमी करायची म्हणून सरकार ती जबरदस्तीने उचलायला लागलं तेव्हा कांबांचा पुढारी मुइंदी म्बिंगू याच्या मागे हजारो माणसं नैरोबीला जाऊन बसली, त्याला दूर समुद्रातल्या लामू बेटावर हद्दपार केलं खरं पण गुरं उचलणं थांबवावं लागलं.

आणि पुढचं बघा, १९३० ला अडीच लाखांच्या आत असलेली वस्ती १९९० पर्यंत १४ लाखांच्या आसपास गेली तरी जमिनीची धूप कमीच झाली. कशी, तर ‘फान्या जू’ने, म्हणजे स्वाहिलीत ‘वर टाका’. उतारावर आडवा चर खणायचा, माती खाली न टाकता वरच्या अंगाला टाकून बांध घालायचा, बांधावर गवत, चरात केळी, काही वर्षांत पायऱ्या आपोआप तयार. आधी सक्तीने खणायला लावलं होतं तेव्हा लोक वैतागलेले, नंतर स्वतःच्या शेतात स्वतःहून केलं, बायकांचे गट तर त्यात पुढे.