क्रॉसफेडच्या मधोमध आवाज कमी का होतो?

क्रॉसफेड म्हणजे एक ध्वनी हळूहळू कमी करत त्याच वेळी दुसरा वाढवत नेणं. ‘मधोमध एक आवाज 50 टक्क्यांवर, दुसराही 50 वर, बेरीज 100, म्हणजे सरळ रेषेतल्या क्रॉसफेडमध्ये आवाज कुठेच कमी होत नाही.’ हे गणित वर्षानुवर्षं फिरतंय आणि ते अर्धंच खरं आहे. सारख्या पातळीचे पण वेगळे दोन ध्वनी मिसळले, की त्यांच्या लहरी जुळत नाहीत. बेरीज शक्तीची होते. शक्ती म्हणजे पातळीचा वर्ग, 0.5 चा 0.25. म्हणून 0.25 अधिक 0.25, म्हणजे निम्मी. मधोमध 3 डेसिबलचा खड्डा! म्हणून तिथे सरळ रेषेऐवजी साइन-कोसाइन वक्र वापरतात; मध्यावर दोन्ही 0.707 वर, म्हणजे शक्तीची बेरीज पुन्हा 1.

पण तोच वक्र सगळीकडे लावायचा हट्टही नको. तंतोतंत जुळणाऱ्या दोन प्रतींवर तो 3 डेसिबलचा फुगवटा आणतो. तिथे सरळ रेषाच बरोबर. फेज उलटी असेल, म्हणजे एकीची लहर वर जाताना दुसरीची खाली जात असेल, तर मात्र आधी एका प्रतीची पोलॅरिटी पालटा, म्हणजे तिची लहर उलटी करा. वक्राचं नंतर बघू.