पार्श्वभूमी: परदेशी विंगर नव्या क्लबला चालेल का, हा प्रश्न आला कुठून

फुटबॉलमध्ये ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू विकत घ्यायचा काळ, उघडली की हा प्रश्न ठरलेला. तिकडच्या, दुसऱ्या देशातल्या लीगमध्ये धुमाकूळ घालणारा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं हल्ला चढवणारा खेळाडू, आपल्या क्लबला चालेल का? मग लगेच गोल किती, असिस्ट (गोलाआधीचे शेवटचे पास) किती, वय किती, किंमत किती हे सुरू होतं. मला मात्र जुनी उदाहरणं बघितल्यावर सारखं वाटत आलंय की सगळ्यात आधी विचारायचं ते हे, की क्लबला "विंगर" म्हणजे नक्की कोण हवाय आणि त्याच्या मागे फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, कोण खेळणार आहे. बाकीचं नंतर.

फार जुनं थोडक्यात सांगतो. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला, पास मिळताना आपल्या आणि गोलच्या मधे तीनऐवजी दोन विरोधी खेळाडू असले तरी चालायला लागलं, पुढे जागा मोकळी झाली आणि लाइनला चिकटून पळणाऱ्या विंगरला भाव आला. १९६६ मध्ये इंग्लंडनं जुन्या पद्धतीचे विंगर बाजूला ठेवून वर्ल्डकप जिंकला आणि बऱ्याच कोचना पटलं की विंगर ही चैन आहे. परदेशी विंगर तर त्याहून लांबची गोष्ट होती कारण दारंच बंद होती. इंग्लंडमध्ये १९३१ पासून बाहेरच्या खेळाडूला आधी दोन वर्षं तिथं राहायची अट होती, ती १९७८ मध्ये गेली. स्पेननं १९७३ मध्ये दार पुन्हा उघडलं. इटलीनं १९६६ च्या वर्ल्डकपमध्ये उत्तर कोरियाकडून हरल्यावर नवीन परदेशी खेळाडू घ्यायचं बंद केलं होतं, ते १९८० पर्यंत, आणि मग उघडलं तेही एका क्लबला एकच खेळाडू या हिशोबानं.

हे १९८० चं वर्ष नीट बघण्यासारखं आहे. एकच जागा असेल तर क्लब ती कशावर खर्च करणार? बहुतेकांनी मधल्या फळीतला किंवा पाठीमागून खेळ बांधणारा माणूस घेतला, रोमच्या क्लबनं ब्राझीलचा मिडफिल्डर, ट्युरिनच्या एका क्लबनं आयर्लंडचा मिडफिल्डर, नेपल्सनं डच डिफेंडर. फ्लोरेन्सनं विंगर घेतला, पण तो १९७८ च्या वर्ल्डकप फायनलमध्ये गोल केलेला अर्जेंटिनाचा खेळाडू होता, त्याचं काही सिद्ध व्हायचं राहिलं नव्हतं.

आणि मग पिस्तोइया. टस्कनीतलं छोटं शहर, तिथला क्लब पहिल्यांदाच वरच्या डिव्हिजनमध्ये आलेला. त्यांनी ब्राझीलहून विशीतला एक पोरगा आणला. तो फक्त सहा लीग सामने खेळला, एकही गोल नाही, क्लब शेवटच्या नंबरवर राहून खाली गेला आणि परत कधी वर आलाच नाही. यावर इटलीत एक गोष्ट आजही सांगितली जाते की घोटाळा एका शब्दाचा होता. इटालियनमध्ये "पुन्ता" म्हणजे सगळ्यात पुढचा, गोल मारणारा स्ट्रायकर. पोर्तुगीजमध्ये "पोन्ता" म्हणजे विंगर. त्याला विचारलं तू पुन्ता आहेस का, त्यानं ऐकलं पोन्ता आणि हो म्हणाला, झालं, सही झाली.

ही गोष्ट अशीच घडली असं मी छातीठोक सांगणार नाही, अशा कथा वर्षानुवर्षं मीठमसाला लागून फिरत असतात, आणि त्यात सगळा दोष त्या पोराच्या माथी येतो हे मला पटत नाही. वीस वर्षांचा मुलगा परक्या देशात, भाषा येत नाही, टीम सगळ्यात कमकुवत, आणि लोक चाळीस वर्षं त्याच्यावर हसतायत. पण गोष्ट खरी असो नसो, ती टिकली कारण तिच्यातली अडचण खरी आहे. दोन शब्द सारखे वाटतात, मैदानावरची कामं वेगळी. इटलीतच विंगरसाठी "आला" हा एक शब्द आणि त्यातून "तोर्नान्ते" ही वेगळी जात, म्हणजे बॉल गेला की धावत आपल्या फुलबॅकच्या मदतीला परत येणारा. बचावावर उभ्या असलेल्या त्या फुटबॉलमध्ये तोर्नान्तेला मान होता, नुसता ड्रिबल करून वर उभा राहणारा त्या टीमला परवडत नव्हता. इंग्लंडमध्ये ४-४-२ (चार बचावपटू, चार मधले, दोन पुढचे) च्या काळात ज्याला सगळे विंगर म्हणायचे तो खरं तर वाइड मिडफिल्डर, अर्धा वेळ बचाव करणारा. डच पद्धतीच्या ४-३-३ मधला विंगर लाइनच्या चुन्यानं बूट पांढरा करून उभा, त्यानं मैदान रुंद करायचं आणि समोरच्याला एकट्यानं गाठायचं. म्हणजे चार देशांतले चार स्काउट (खेळाडू पारखणारे) एकाच नावाखाली चार वेगळी माणसं शोधत होते. आजही खेळाडूच्या प्रोफाइलवर "लेफ्ट विंग" एवढंच लिहिलेलं असतं आणि ते वाचून लोक पैसे मोजतात.

मधल्या काळात नियम हळूहळू सैल झाले. इटलीत १९८२ मध्ये दोन आणि १९८८ मध्ये तीन परदेशी खेळाडू चालायला लागले. १९९१ मध्ये युरोपात तीन अधिक दोन असं ठरलं, तीन परदेशी आणि दोन असे ज्यांनी त्या देशात सलग पाच वर्षं काढलीत, त्यातली तीन ज्युनियर म्हणून. युरोपियन कपमध्ये इंग्लिश क्लबला वेल्स आणि स्कॉटलंडचे खेळाडूही या हिशोबात धरावे लागायचे, १९९४ मध्ये मँचेस्टरच्या क्लबनं बार्सिलोनात याच आकडेमोडीत आपला पहिल्या पसंतीचा डॅनिश गोलकीपर बाहेर बसवला आणि ४-० नं मार खाल्ला. मग १५ डिसेंबर १९९५ चा युरोपियन कोर्टाचा निकाल आला. बेल्जियमच्या एका खेळाडूचं करार संपल्यावर फ्रान्सला जाणं अडवलं गेलं होतं, त्यावरून तो खटला. करार संपलेल्यासाठी फी मागता येणार नाही आणि युरोपियन युनियनमधल्या खेळाडूंना कोटा लावता येणार नाही असं ठरलं. तिथून पुढे विंगरसाठी परदेशी जागा जपून ठेवायची गरज उरली नाही, आणि पारखायची घाई मात्र दहापट वाढली.

त्यानंतरचा मोठा बदल पायाचा. आधी डाव्या पायाचा डावीकडे आणि उजव्या पायाचा उजवीकडे, लाइनवरून जाऊन क्रॉस टाकायचा, हे सरळ होतं. उलट्या बाजूला खेळणारे विंगर पूर्वीही होते पण ते सर्रास झालं २००९ च्या आसपास. म्युनिकमध्ये त्या वर्षी डाव्या पायाचा डच खेळाडू उजवीकडे आला, डावीकडे उजव्या पायाचा फ्रेंच आधीच होता. दोघंही बाहेरून आत कापून शूट करणारे. आता तो आत गेला की बाहेरची जागा रिकामी होते, ती कोण भरणार? फुलबॅक. म्युनिककडे उजवीकडे त्या काळातला जगातला एक सर्वोत्तम फुलबॅक होता जो दर वेळी बाहेरून पळायचा, त्यामुळं डिफेंडरला एक जण धरावा की दुसरा हे कळायचं नाही. २०१३ मध्ये त्यांनी तिन्ही मोठ्या ट्रॉफी जिंकल्या आणि युरोपियन फायनलचा ८९ व्या मिनिटाचा गोल त्याच डच विंगरनं मारला. ते बघून सगळ्यांना तसाच विंगर हवा झाला, तसा फुलबॅक मात्र थोड्यांनीच शोधला. माझ्या मते पुढच्या दहा वर्षांतले कितीतरी फसलेले सौदे या एका विसरण्यातून आलेत.

२०१४ चंच घ्या. मँचेस्टरच्या त्याच क्लबनं माद्रिदहून अर्जेंटिनाचा विंगर आणला, ५ कोटी ९७ लाख पौंड, तेव्हाचा ब्रिटिश विक्रम. आधीच्या मोसमात तो माद्रिदमध्ये तिघांच्या मिडफिल्डमध्ये डाव्या बाजूनं बॉल घेऊन पळत होता आणि ते काम त्याला मस्त जमलं होतं. इथं कधी विंगवर, कधी मधे, कधी चक्क स्ट्रायकरच्या जोडीला. लीगमध्ये तीन गोल, दहा असिस्ट आणि एका वर्षात पॅरिसला रवाना. त्याला इंग्लंडचा वेग झेपला नाही असं लोक अजून म्हणतात, मला ते अर्धवट वाटतं, त्याला एक जागाच मिळाली नाही.

त्याच वर्षी जानेवारीत लंडनच्या एका क्लबनं इजिप्तचा विंगर स्वित्झर्लंडमधून घेतला, तो लंडनमध्ये लीगचे १३ सामने खेळून इटलीला गेला. फेल म्हणून शिक्का बसला. २०१७ मध्ये तोच लिव्हरपूलला आला आणि पहिल्याच मोसमात लीगमध्ये ३२ गोल, ३८ सामन्यांच्या मोसमाचा तेव्हाचा विक्रम. देश तोच, लीग तीच. फरक बघा, मधला स्ट्रायकर मागे येऊन जागा रिकामी करणारा, आणि लवकरच मागे असा राईट बॅक आला ज्यानं २०१८-१९ मध्ये एकट्यानं १२ असिस्ट दिले. इटलीत घालवलेली वर्षंही कामाला आली हे खरंच, पण लंडनमध्ये तो वाईट खेळाडू होता असं म्हणणाऱ्यांनी तेव्हाची टीम कशी खेळायची ते आठवावं. आणि तेही २०१४ च्या जानेवारीतच, लेस्टरनं फ्रान्सच्या दुसऱ्या डिव्हिजनमधून पाच लाख पौंडांपेक्षा कमी पैशात डाव्या पायाचा अल्जेरियन विंगर उचलला, काउंटरवर, म्हणजे बॉल हिसकावून झटकन हल्ला करून खेळणारी टीम, समोर मोकळं मैदान, २०१५-१६ मध्ये १७ गोल आणि लीगचं विजेतेपद.

धीर हाही एक भाग आहेच. २००३ मध्ये अठरा वर्षांचा पोर्तुगीज विंगर मँचेस्टरला आला तेव्हा त्याचे लीग गोल मोसमागणिक ४, ५, ९, १७ आणि मग ३१ झाले. आज पहिल्या चार गोलांवरच निकाल लागला असता.

डच लीगमधले गोल किती खरे धरायचे, यावरून तर दरवेळी वाद. २०१४-१५ मध्ये तिथं २२ गोल मारून टॉप स्कोरर झालेला विंगर इंग्लंडमध्ये पहिल्या मोसमात लीगचे दोनच गोल करू शकला. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमहून मँचेस्टरला ब्राझीलचा विंगर आणला गेला तो साडेनऊ कोटी युरोला, कोचही तोच ज्याच्या हाताखाली तो तिकडे खेळला होता, म्हणजे ओळखीचा सवाल नव्हता, तरी पहिल्या मोसमात लीगचे चार गोल. ॲमस्टरडॅमची टीम बहुतेक सामन्यांत बॉल स्वतःकडे ठेवून विरोधकाला त्याच्या अर्ध्यात कोंडते, तिथं विंगरला बॉल पुढेच, पायात मिळतो. इंग्लंडमध्ये त्याला बराच मागे बॉल मिळाला आणि अंगावर माणूस. जानेवारी २०२५ मध्ये तो सेव्हिया शहरातल्या एका क्लबकडे लोनवर (तात्पुरता, उसना) गेला आणि तिथं पुन्हा खुलला, टीम युरोपातल्या तिसऱ्या दर्जाच्या स्पर्धेच्या फायनलला पोचली. उलट २०२२ मध्येच नेपल्सनं जॉर्जियाच्या लीगमधून साधारण एक कोटी युरोला विंगर घेतला, लीग किती कमकुवत म्हणून लोकांनी नाकं मुरडली, आणि पहिल्याच मोसमात १२ लीग गोल करून त्यानं विजेतेपद आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. गोल गुणिले लीगचा दर्जा असं गणित इथं साफ चुकलं.

आता कागदावरही मोजमाप आलंय. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूला पॉइंट्स मिळवावे लागतात, देशाकडून किती खेळला, लीग कोणत्या गटातली, तिथं किती मिनिटं मैदानावर होता, १५ झाले की परवाना. २०२३ पासून वरच्या दोन डिव्हिजनच्या क्लबना पॉइंट्समध्ये न बसणाऱ्यांसाठी चारपर्यंत जागा मिळू शकतात. क्लब आता या रकान्यांकडे बघून यादी करतात आणि साहजिक आहे, परवानाच नसेल तर पुढचं बोलणं कशाला. पण तो कोणत्या पायानं खेळतो, आत येतो की लाइनवर थांबतो आणि त्याच्या मागे धावणारा फुलबॅक या क्लबकडे आहे का, यासाठी त्या तक्त्यात एकही रकाना नाही. ते अजून स्काउटनं जाऊन, पूर्ण ९० मिनिटं बसून, बॉल त्याच्याकडे नसताना तो काय करतो हे बघूनच ठरवावं लागतं.