सृष्टिचिंतन, ख्रिस्ती

प्राणी, वनस्पती, ऋतू, हवामान यांच्या निरीक्षणातून देवाविषयी किंवा भक्ताच्या आचरणाविषयी बोध घेण्याची ख्रिस्ती परंपरा. देवाने मानवासाठी पवित्र शास्त्र आणि सृष्टी असे दोन ग्रंथ ठेवले आहेत, ही ‘सृष्टिग्रंथा’ची कल्पना तिच्या मुळाशी आहे. सृष्टीवरून देवाचे अस्तित्व तर्काने सिद्ध करू पाहणारे निसर्गाधिष्ठित ईश्वरशास्त्र हा वेगळा विषय होय. चिंतनात ते अस्तित्व गृहीतच असते. मात्र अनेक लेखकांत दोहोंची सरमिसळ आढळते.

बायबलमधील आधार परिचित आहेत. नीतिसूत्रांत आळशाला मुंगीकडे पाठविले आहे (६:६–८), यिर्मया आपला ऋतू ओळखणारा करकोचा दाखवून लोकांना लाजवतो (८:७) आणि येशू डोंगरावरील प्रवचनात आकाशातील पाखरांकडे व रानातील भूकमळांकडे बोट दाखवितो (मत्तय ६:२६–३०). पुढील वादांत देवाचे अदृश्य गुण निर्मित वस्तूंवरून कळतात असे सांगणाऱ्या रोमकरांस पत्र १:२० या वचनाला विशेष वजन आले. त्याचा रोख माणसाला सबब उरत नाही हे दाखविण्यावर आहे. सृष्टीतून धडे वेचण्याची मुभा त्यात वाचणे काहीसे ताणलेले वाटते.

ईजिप्तमधील तापस संत अँटनी (मृ. ३५६) याला एका तत्त्वज्ञाने ग्रंथांवाचून कसे निभते असे विचारले, तेव्हा निर्मित वस्तूंचा स्वभाव हाच आपला ग्रंथ असल्याचे त्याने सांगितले, अशी कथा चौथ्या शतकातील तापस लेखक इव्हॅग्रिअसने नोंदविली आहे. सिझेरियाचा बिशप बाझिल याची सृष्टीच्या सहा दिवसांवरील नऊ प्रवचने (सु. ३७८) याच काळातील.

या परंपरेतील सर्वांत प्रभावी आणि सर्वाधिक वादग्रस्त साहित्यकृती म्हणजे ‘फिजिओलोगस’ हे अनामिक ग्रीक पुस्तक. प्राणी, काही रत्ने व वृक्ष यांची लहान प्रकरणे, प्रथम स्वभाववर्णन व मग बोध, अशी त्याची धाटणी आहे. कालाविषयी एकवाक्यता नाही. अभ्यासकांपैकी लाउखर्टने (१८८९) ते दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात नेले, तर वेलमानने (१९३०) चौथ्या शतकात आणले. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट व ऑरिजेन या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील ख्रिस्ती लेखकांशी दिसणारी साम्ये हा वादाचा गाभा आहे: त्यांनी या पुस्तकातून घेतले, की पुस्तकाने त्यांच्यातून, की तिघांनीही आधीच्या प्राणिकथांतून, हे केवळ शब्दसाम्यावरून ठरत नाही. तिसऱ्या शतकाच्या मध्याआधीचा काळ धरण्यास भक्कम पुरावा नाही, हे मत अधिक सावध म्हणून ग्राह्य वाटते. स्थळाबाबत स्थिती बरी आहे. रानगाढव फामेनोथ महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी ओरडून विषुवदिन कळवितो, असे एका प्रकरणात येते. फामेनोथ हा ईजिप्शियन महिना असल्याने पुस्तक ईजिप्तमध्ये, बहुधा अलेक्झांड्रियात रचले गेले असे मानण्याकडे कल आहे. लॅटिन, सिरियॅक, आर्मेनियन व इथिओपिक भाषांत त्याची रूपांतरे झाली. पोप गेलाशियसच्या नावावर असलेल्या, पण बहुधा सहाव्या शतकातील मान्य व त्याज्य ग्रंथांच्या यादीत ते पाखंड्यांनी रचून मिलानचा बिशप अँब्रोज याच्या नावे खपविलेले पुस्तक ठरविले आहे. त्याने प्रसाराला खीळ बसली नाही. बाराव्या-तेराव्या शतकांतील सचित्र प्राणिग्रंथ त्याच्यातूनच वाढले.

पद्धतीचा नमुना म्हणून मुंगीचे प्रकरण पाहता येईल. मुंगी साठविलेला दाणा दुभंगते, म्हणजे पावसाळी ओल लागून त्याला मोड येत नाहीत. तसे वाचकाने जुन्या करारातील वचनाचे शब्दार्थ व आध्यात्मिक अर्थ असे दोन भाग करावेत. मुंग्या बी कुरतडून साठवितात हे रोमन निसर्गलेखक प्लिनीलाही ठाऊक होते, म्हणजे निरीक्षण उसने आहे आणि बोध मात्र सर्वस्वी चर्चच्या शास्त्रवाचनातला. पेलिकन पक्षी स्वतःच्या रक्ताने मेलेली पिले जिवंत करतो, ही कथा खरी असेल वा खोटीही असेल, असे हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (मृ. ४३०) म्हणतो आणि तरीही ती ख्रिस्ताला कशी लागू पडते ते सांगतो. त्यानेच अन्यत्र दाखविले आहे की सिंह हे ख्रिस्ताचेही चिन्ह आहे आणि सैतानाचेही. एकाच प्राण्यातून परस्परविरुद्ध बोध निघत असतील, तर अर्थ ठरविणारे शास्त्रच असते, सृष्टी नव्हे. प्रस्तुत परंपरेचे बहुतेक अंतर्गत वाद याच अडचणीतून निघाले आहेत.

सेंट व्हिक्टरचा ह्यू (मृ. ११४१) याने दृश्य जगाला देवाच्या बोटाने लिहिलेला ग्रंथ म्हटले, निरक्षराला उघड्या पुस्तकात फक्त आकृत्या दिसतात, तशी देहबुद्धीच्या माणसाची गत होते, असे तो सांगतो. असिसीच्या फ्रान्सिसचे सूर्यस्तोत्र (सु. १२२५) येथे नेहमी उद्धृत होते, पण ते बोधापेक्षा स्तुतीचे काव्य आहे. फ्रान्सिसच्या संघातील ईश्वरशास्त्रज्ञ बोनाव्हेंचरने (मृ. १२७४) सृष्टीतील देवाच्या पाऊलखुणांना श्रेणीबद्ध रूप दिले. रेमंड सबूंद (मृ. १४३६) याने सृष्टिग्रंथ खोडता वा विपर्यस्त करता येत नाही असा दावा केला, त्याच्या ग्रंथाची प्रस्तावना १५६४ च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेली. प्रॉटेस्टंटांनीही रूपक टाकले नाही: नेदरलँड्समधील प्रॉटेस्टंटांच्या ‘बेल्जिक विश्वासांगीकार’ या श्रद्धापत्रात (१५६१) लहानमोठे जीव ही त्या सुंदर ग्रंथातील अक्षरे मानली आहेत.

दैनंदिन प्रसंगांना पद्धतशीर स्थान मिळाले ते सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये. बिशप जोसेफ हॉल याने १६०६ मध्ये ठरवून केलेले आणि अचानक सुचलेले असे चिंतनाचे दोन प्रकार सांगितले व पुढे दुसऱ्याचे नमुने प्रसिद्ध केले (१६३०). खोलीत शिरून गाणारा रॉबिन पाहून त्याला वाटते: पुढचा घास कोठे मिळेल हे ठाऊक नसताना हा आनंदाने गातो, आणि भरल्या घरात बसून मी खिन्न होतो. मत्तयातील पाखरांचा हा सरळ प्रतिध्वनी आहे, हे लपत नाही. रसायनज्ञ रॉबर्ट बॉइलने याच प्रकारचे पुस्तक लिहिले (१६६५). त्यातील गंभीरपणाची जोनाथन स्विफ्टने झाडूच्या दांड्यावर ‘चिंतन’ लिहून टर उडविली. विडंबन अन्यायाचे असले तरी वर्मी लागणारे आहे.

अमेरिकेत धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स (१७०३–५८) याने अशा दोनशेहून अधिक टिपणांची वही ठेवली. ती १९४८ मध्ये छापली गेली. काट्यांवर येणारा गुलाब, मरून मानवाला वस्त्र देणारा रेशीमकिडा अशी तिची उदाहरणे आहेत. ही साम्ये कल्पनेची करामत नसून देवाने मुद्दाम योजलेली आहेत, असा त्याचा आग्रह होता.

स्विस ईश्वरशास्त्रज्ञ कार्ल बार्टने १९३४ मध्ये आपला समकालीन ईश्वरशास्त्रज्ञ एमिल ब्रुनर याला दिलेला प्रसिद्ध नकार निसर्गाधिष्ठित ईश्वरशास्त्राला उद्देशून होता. भक्तिपर चिंतनाला तो अप्रत्यक्षच लागू होतो. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या परिपत्रकात सृष्टिग्रंथाचा उल्लेख पर्यावरणरक्षणाच्या संदर्भात पुन्हा आला आहे.