प्रायोजक-उतरंड

संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थांची अहवालासाठी गट व उपगट अशा पातळ्यांवर केलेली मांडणी. तळाला करारावर सही करणारा प्रायोजक असतो. त्याच्या वर त्याची मातृसंस्था, तिच्या वर मंत्रालय किंवा उद्योगसमूह आणि सर्वांत वर शासन, उद्योग, सेवाभावी न्यास, परदेशी निधी असे मोजके गट येतात. खर्च तळाच्या प्रायोजकाच्या नावे पडतो आणि बेरीज पातळी-पातळीने वर चढते.

या पद्धतीच्या उगमाची मांडणी दोन प्रकारे करता येते. एका मांडणीत तिचे मूळ सांख्यिकीत शोधले जाते. जून १९६३ मध्ये ओईसीडी या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या सदस्य देशांतील तज्ज्ञ इटलीतील फ्रास्काती येथे जमले आणि संशोधन-विकासाच्या मोजमापाची नियमावली आकाराला आली. ‘फ्रास्काती मॅन्युअल’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्या २०१५ च्या आवृत्तीत उद्योग, शासन, उच्च शिक्षण, खासगी ना-नफा संस्था आणि उर्वरित जग असे निधीचे पाच स्रोत धरले आहेत. दुसऱ्या मांडणीनुसार उगम अनुदानाच्या हिशेबात व लेखापरीक्षणात आहे. अमेरिकेत संघीय साहाय्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला पाच अंकी क्रमांक असतो आणि त्याचे पहिले दोन अंक देणारे खाते सांगतात : ९३ म्हणजे आरोग्य व मानवी सेवा विभाग, ४७ म्हणजे नॅशनल सायन्स फाउंडेशन. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक संघीय निधी खर्च करणाऱ्या संस्थेला वर्षाचा संघीय खर्च खातेनिहाय दाखवावा लागतो. दुसरी मांडणी अधिक ग्राह्य वाटते. सांख्यिकीने वरच्या एक-दोन पायऱ्या पुरवल्या हे खरे. परंतु विभाग, संस्था, कार्यालय अशी खोली कोणाला हिशेब द्यायचा या गरजेतूनच आली असावी.

अनुदान-व्यवस्थापनाच्या संगणक प्रणालींत ही मांडणी पक्की झाली. एमआयटीमध्ये विकसित झालेल्या ‘कोएअस’ प्रणालीच्या परंपरेतील ‘क्वाली कोएअस’मध्ये उतरंडीला दहा पातळ्यांपर्यंत जागा असते. एकाच वेळी अनेक उतरंडी ठेवता येतात. मात्र एका उतरंडीत एक प्रायोजक एकदाच बसतो. हा नियम जाचक वाटला तरी तो मोडला की तीच रक्कम दोन गटांत मोजली जाते. म्हणून वैधानिक अहवालासाठी एक आणि विषयवार आढाव्यासाठी दुसरी उतरंड ठेवणे हाच योग्य मार्ग होय.

सर्वांत अवघड प्रश्न हस्तांतरित निधीचा. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने एका विद्यापीठाला १०० रुपये दिले आणि त्याने त्यांतील ३० रुपये उप-अनुदान म्हणून दुसऱ्या विद्यापीठाकडे वळवले, असे समजू. दुसऱ्या विद्यापीठाच्या दप्तरी प्रायोजक म्हणून पहिल्या विद्यापीठाचे नाव लागते आणि ते ३० रुपये ‘उच्च शिक्षण’ गटात जातात. मूळ पैसा मात्र नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ (एनआयएच), आरोग्य व मानवी सेवा विभाग आणि संघीय शासन या साखळीतला आहे. पहिल्याने १०० आणि दुसऱ्याने ३० रुपये दाखवले तर बेरीज १३० होते. प्रत्यक्षात आले १००. म्हणून प्रत्येक अनुदानावर थेट प्रायोजक व मूळ प्रायोजक अशा दोन नोंदी हव्यात आणि पुढे दिलेली रक्कम वेगळी दाखवायला हवी. अमेरिकेतील उच्च शिक्षण संशोधन खर्चाच्या सर्वेक्षणात (‘हर्ड’) असा निधी संघीय खर्चातच धरतात आणि दुसऱ्या संस्थेमार्फत किती आला हे स्वतंत्रपणे विचारतात. उतरंड कितीही काटेकोर असली तरी मूळ प्रायोजकाचा रकाना रिकामा असेल, तर शासकीय निधीचा आकडा कमी दिसतो. करदात्याचा पैसा कोठे पोहोचला हे त्याला कळायचे असेल, तर या एका रकान्याची हयगय परवडणारी नाही.

संस्था बदलतात, तशी उतरंडही बदलते. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०१८ रोजी सात संशोधन परिषदा, इनोव्हेट यूके आणि रिसर्च इंग्लंड ही ‘यूके रिसर्च अँड इनोव्हेशन’च्या छत्राखाली आली. जुन्या वर्षांचे आकडे नव्या गटाखाली आणले तर तुलना सोपी होते, पण पूर्वी छापलेल्या अहवालांशी ते जुळत नाहीत. वरच्या-खालच्या संस्थांमधील संबंधाला आरंभ व समाप्तीची तारीख जोडणे आणि जुना संकेतांक न पुसणे हा रूढ उपाय आहे.

‘इतर’ हा गट बहुतेक उतरंडींत असतो. तो फुगू लागला की वरची वर्गवारी तपासावी.

नावांच्या गोंधळावर सामाईक सूचींचा उपयोग होतो. शोधनिबंधांना कायमस्वरूपी ओळख-क्रमांक देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेची निधीदात्यांची नोंदवही २०१३ मध्ये ‘फंडरेफ’ नावाने सुरू झाली. तीत प्रत्येक दात्याला कायमस्वरूपी ओळख-क्रमांक, त्याचे वरचे-खालचे संबंध आणि ‘याच्या जागी ते’ अशी नोंद मिळते. ‘रिसर्च ऑर्गनायझेशन रजिस्ट्री’ ही संस्थांची खुली सूची २०१९ पासूनची असून क्रॉसरेफने आपली नोंदवही तीत विलीन करण्याचे २०२३ मध्ये जाहीर केले. या सूची कोण कोणाचा भाग आहे हे सांगतात. एखाद्या अहवालाने आखलेले गट त्यांत मिळतीलच असे नाही. त्यामुळे संस्था आपली उतरंड स्वतंत्र ठेवतात आणि तळाच्या प्रत्येक प्रायोजकाला सूचीतील क्रमांक जोडतात.